वकीलदादांचा साधा डॉक्टर

धाराशिव शहर, तेर, नळदुर्ग आणि पंचक्रोशीतील तमाम पेशंट, पेशंटचे नातेवाईक, तसेच पेशंटला बघायला म्हणून येऊन सल्ले देऊन जाणारे पाहुणे यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, डॉक्टरची खरंच चूक झाली की नुसतंच आपलं वाईट झालं, हे एका बैठकीत निवडून देणारं कोर्टामागच्या गल्लीतलं कार्यालय न्यायाधीशांच्या निधनामुळं कायमचं बंद झालेलं आहे. मंडळींनी आपापले एक्स-रे घेऊन आपापल्या घरी जावं. चहा मिळणार नाही.

असं जाहीर करायची मला सवय आहे. मी निवेदक. लग्न, सत्कार, उद्घाटन, सप्ताहाची सांगता, जिथं माईक तिथं मी. दादा गेल्याची बातमी आली तेव्हाही माझ्या हातात माईकच होता. तेरमधलं लग्न. नवरदेवाचे मामा मांडवात शिरत होते, मी त्यांच्या फेट्याचं वर्णन करत होतो आणि खिशातला फोन थरथरला. पुतण्याचा, अविनाशचा. एवढंच म्हणाला, "काका, पप्पा गेले." मी माईक टेबलावर ठेवला. मी गप्प बसल्याचं या जिल्ह्यानं कधी पाहिलेलं नाही, त्यामुळं मामा ओरडले, "अरं माईक बंद पडला का बघा!" दोन पोरं वायर हलवायला धावली… वायर ठीक होती.

प्रभाकर हे माझे मावसभाऊ, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गाव वकीलदादा म्हणायचं. जमिनीच्या, वाटणीच्या, बांधाच्या केसेसमध्ये अर्धं आयुष्य घालवल्यावर त्यांना अचानक डॉक्टरांचा नाद लागला. म्हणजे स्वतःला दाखवण्याचा नव्हे. डॉक्टर चुकला असं नेमकं कधी म्हणायचं, या प्रश्नाचा. ग्राहक आयोगापुढं अशी एक केस त्यांच्याकडं आली, ती ते हरले, आणि हरल्यावर त्यांना इतका आनंद झाला की वहिनींना वाटलं जिंकले. "सुमन, आपण का हरलो ते मला पटलं!" असं म्हणत घरी आलेला वकील मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्या नादातूनच दिव्याची पेटी आली. एक्स-रे लावून बघायची, पांढऱ्या काचेची, आत ट्यूब असलेली. नळदुर्गचे एक म्हातारे डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडं हैदराबादला निघाले होते, त्यांच्याकडून दादांनी ती मागून घेतली आणि एसटीतून मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्ये?" दादा म्हणाले, "उजेड." कंडक्टर म्हणाला, "मंग खाली ठिवा, उजेडाला सीट न्हाय." पेटी बाहेरच्या खोलीत, बाकाच्या बरोबर समोर ठोकली गेली. लोक यायचे, भल्यामोठ्या पाकिटातून फिल्म काढायचे, दादा ती काचेवर अडकवून बटण दाबायचे, चष्मा वर करायचे, खाली करायचे, मान डोलवायचे. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यायची. मग ते वळून म्हणायचे, "यातलं मला काही कळत नाही. तुम्ही घडलं काय ते सांगा."

"मग लावता कशाला?" मी एकदा विचारलं.

"दिग्या, माणूस आपलं दुखणं घेऊन इतक्या लांबून येतो. निदान उजेडात तरी बघावं."

आणि मग सुरू व्हायचं ते कोर्ट. सगळं एका काल्पनिक माणसाभोवती फिरायचं. दादा त्याला 'साधा डॉक्टर' म्हणायचे. हा साधा डॉक्टर पुण्या-मुंबईचा नामांकित नव्हता आणि मठ्ठही नव्हता. आपलं काम बऱ्यापैकी शिकलेला, बऱ्यापैकी लक्ष देणारा, चारचौघांसारखा. तुमच्या डॉक्टरच्या जागी तो साधा डॉक्टर असता तर त्यानं काय केलं असतं? हा पहिला प्रश्न. तुमच्या डॉक्टरनं ते केलं नाही का? हा दुसरा. आणि मग दादा पेटीच्या चौकटीवर थाप मारायचे, आतली ट्यूब लुकलुकायची, आणि तिसरा प्रश्न यायचा, "आणि तुमचं नुकसान झालं ते त्याच्यामुळंच झालं का? 'च' म्हणतोय मी!" या 'च'वर निम्मे लोक गळायचे.

नळदुर्गचा एक ढाबेवाला तावातावानं आला होता. त्याची तक्रार अशी की डॉक्टरनं तपासताना एकदाही वर बघितलं नाही, मोबाईलमध्येच डोकं. दादा म्हणाले, "गोळ्या लागू पडल्या?" तो म्हणाला, "पडल्या की. पर मानूस म्हनून काय किंमत हाय का न्हाय?" दादा हळहळले. म्हणाले, "उद्धटपणाला कलम नाही हो. असतं तर मी पहिलं आमच्या वकिलांवर लावलं असतं." दुसऱ्या एकाचा दावा होता की त्याच्या आईला सलाईन लावलं नाही, म्हणून अशक्तपणा राहिला. आपल्याकडं सलाईनवर देवाइतकी श्रद्धा, हे दादांना माहीत होतं. "सलाईन मागितलं म्हणून लावणारा एक गाठला असतास आणि तुझ्या आईच्या पायांना सूज आली असती, तर तू माझ्याकडं आलाच असतास," ते म्हणाले, "आणि तेव्हा मी तुझी केस घेतली असती." माणूस विचारात पडून गेला. कुठल्याही माणसाला विचारात पाडून पाठवलं की दादांना जेवण गोड लागायचं.

सगळेच असे नव्हते. हिराबाई नावाची मेंढपाळाच्या घरातली बाई आपल्या दिराबरोबर आली होती. बोलत होता तो दीरच. पोटाच्या ऑपरेशननंतर टाके पिकले, महिनाभर त्रास झाला, डॉक्टरला सोडणार नाही. दादांनी तीन प्रश्न विचारले आणि सांगितलं की टाके कधीकधी पिकतात, पिकल्यावर डॉक्टरनं लक्ष दिलं, बरं केलं, यात काही सापडत नाही. दोघं उठले. हिराबाई उंबऱ्यात थांबली आणि पेटीकडं बघत, जणू पेटीलाच विचारावं तसं म्हणाली, "पिशवी बी काढली म्हनं माजी. मला कुनी इचारलंच न्हाय. चालतंय का तसं?"

"आगं, म्या व्हतो की तितं," दीर म्हणाला. "सही म्याच केली."

दादा उभे राहिले. "पोट कुणाचं?"

"तिचं."

"ती शुद्धीवर होती?"

"व्हय. भाईर बाकड्यावर बसली व्हती."

"जिवावर बेतलं होतं का? ताबडतोब काढायलाच पाहिजे असं काही?"

"न्हाय बा. डाक्टर म्हनले, पोट उघडतोयच तर काढून टाकू. म्या म्हनलं, टाका."

बाई ठणठणीत होती. ऑपरेशन सुबक झालं होतं. आणि तरी ती केस दादांनी घेतली, चालवली, जिंकली. साधा डॉक्टर बाकड्यापर्यंत चार पावलं चालत गेला असता आणि तिला विचारलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा उमगलं की वाईट झालं म्हणजे चूक झाली असं नाही, आणि चांगलं झालं म्हणजे चूक नाही असंही नाही. मी हे एका सत्कार समारंभात बोलूनही दाखवलं. सत्कार एका डॉक्टरांचा होता. पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही.

घरातही कोर्ट चालायचं. एकदा आमटीत मीठ नव्हतं. दादांनी वाटी खाली ठेवली. "साधी स्वयंपाकीण आमटी चाखून बघते. तू बघितलीस का?" वहिनी म्हणाल्या, "चतुर्थी हाय. उपास हाय माझा. चाखू कशी?" दादांनी क्षणभर विचार केला आणि आदरानं मान लववली. "आरोपी निर्दोष." वहिनी म्हणाल्या, "आता आरोपीनं मीठ आणून द्यायचं का तुमी उठताव?" दादा उठले.

शेवट मात्र या पेटीनंच आणला. ट्यूब गेली होती. दादा स्टुलावर चढले, वहिनी "थांबा, कुणाला तरी बोलवते" म्हणेपर्यंत खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. रिक्षात घालताना विव्हळत मला म्हणतात, "दिग्या, साधा माणूस या वयात स्टुलावर चढला असता का?" मी म्हणालो, "नाही." म्हणाले, "मग केस पडली…"

सोलापूरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली, सगळं बरं झालं असं वाटलं. मी भेटायला गेलो तर वॉर्डात जत्रा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक, त्याच्या पलीकडचे, एक्स-रे काढायला आलेला कुणी बाहेरचाच, सगळे दादांच्या खाटेभोवती. दादा उशीला टेकून बसलेले आणि उजेडाची पेटी नाही म्हणून एक फिल्म खिडकीकडं धरून मान डोलवतायत. मी कानात म्हणालो, "दादा, वॉकर घेऊन चालायला सांगितलंय ना तुम्हाला?" ते म्हणाले, "एवढं प्रकरण संपू दे." ती आमची शेवटची भेट. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी राऊंड होऊन गेला, दादा बाथरूमला जायला उठले, दम लागला म्हणाले, आणि संपलंच. डॉक्टर म्हणाले, बहुधा पायात गुठळी झाली होती, ती फुप्फुसात गेली.

तेरावा उरकला आणि अविनाशनं विषय काढला. पोरगा पुण्यात नोकरी करतो, शांत, पण आता डोळे लाल. "काका, चांगला माणूस पाय दुरुस्त करायला गेला आणि तिरडीवर परत आला. मी केस टाकणार. तुम्ही पप्पांजवळ इतकी वर्षं बसलात, तुम्ही सांगा कसं मांडायचं." मी काय सांगणार? मी त्या कोर्टातला प्रेक्षक. पण खरं सांगतो, मलाही जाणून घ्यायचं होतं. मी वहिनींकडं बघितलं. त्या पेटीखालच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. म्हणाल्या, "केस नको." अविनाश म्हणाला, "का नको?" त्या उठून आत गेल्या.

मी मागून गेलो. त्या ओट्याशी उभ्या होत्या. हात अजून पदरात. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी हे म्हणले, सुमन, कालपासनं पोटरी लई ठणकतीय, जरा चेप. मी तेल लावून चेपली. चांगली जोर लावून. दशक्रियेला जाऊबाईची सून म्हणत व्हती, गुठळी असली की पाय चेपायचाच नसतो, चेपलं की ती वर सरकती… मोबाईलात दाखवलं तिनं." मग त्यांनी हात बाहेर काढले आणि माझ्यापुढं धरले, जसा काही मीच तपासणार होतो. "अवी केस टाकील. तिकडचा वकील उठून पहिलं इचारील, पाय कुणी चेपला. आन् मी काय सांगू? ह्याच हातांनी न्हाय ना भाऊजी?"

 लग्न झाल्यापासून नवऱ्याचे, सासूचे, सासऱ्याचे पाय चेपत आलेली ही बाई. आमच्याकडं पाय दुखतो म्हटलं की डॉक्टरच्या आधी हात येतो. शेवटी मला दादांचाच एक नियम आठवला. कुणीही तावातावानं आलं की ते विचारायचे, "डॉक्टरला जाऊन विचारलंत का?" लोकांनी कधीच विचारलेलं नसायचं. दवाखान्याची काच फोडायची तयारी असायची, केस टाकायची तयारी असायची, पण समोर बसून 'नेमकं काय झालं' एवढं विचारायची नसायची. मी बाहेर येऊन जाहीर केलं, "आपण तिघं सोलापूरला जातोय."

डॉक्टर पन्नाशीच्या आतबाहेरचे. आम्हाला बघून त्यांनी पहिली नजर आमच्या हातांकडं टाकली, हातात दगडबिगड आहे का बघायला. बिचाऱ्याला अनुभव असावा. मग सावध आवाजात म्हणाले, "सोबत वकील आहेत का?"

वहिनी म्हणाल्या, "व्हते. तुमच्याच हितं भरती केले व्हते."

डॉक्टरनी मान खाली घातली. त्यानंतर मात्र तो माणूस आमच्याशी नीट बोलला. गुठळी होऊ नये म्हणून पोटात द्यायचं इंजेक्शन रोज दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून चालायला सांगितलं होतं. एवढं करूनही काहींना गुठळी होते. "मी पोस्टमॉर्टेम करू म्हणालो होतो," ते अविनाशला म्हणाले, "म्हणजे नक्की कळलं असतं." अविनाशनं माझ्याकडं बघितलं. 'आता कशाला फाडायचं' म्हणणाऱ्यांत तो होता, मीही होतो. दादा असते तर आम्हा दोघांना बाकावर उभं केलं असतं. मग अविनाशनं विचारलं, "राऊंडला पायाचं विचारलं होतं?"

"रोज. पोटरी दुखते का, सूज वाटते का. त्या दिवशीही. मी म्हणालो होतो, सगळं ठीक असेल तर उद्या घरी सोडतो. आदल्या दिवसासारखंच ते म्हणाले, काही दुखत नाही. उत्तम आहे."

वॉर्डातली नर्स दारात उभी होती, तिला राहवलं नाही. "मी परत इचारलं व्हतं आजोबांना. म्हणले, पाय झकास आहे, तू जा, आमचं प्रकरण चाललंय."

वहिनी खुर्चीत पुढं सरकल्या. "राऊंड कधी व्हता?"

"नऊला."

"मी पाय चेपला तो त्याच्या आधी," वहिनी सावकाश म्हणाल्या. "चहाच्या येळंला. कळवळत व्हते."

 ज्या माणसानं जन्मभर बाकावरच्या प्रत्येकाला बजावलं की बाबांनो, डॉक्टरला दुसरं काही नाही तर दुखतं तेवढं तरी खरं सांगा, त्यानं घरी जायला मिळावं म्हणून दुखणारा पाय झकास म्हणून सांगितला होता. घरी कशाला जायचं होतं, तर मला खात्री आहे, ट्यूब बसवायची राहिली होती. वहिनींनी डॉक्टरांना पाय चेपल्याचं सगळं सांगितलं, एका दमात. डॉक्टर म्हणाले, "चेपल्यानं सरकली की उठल्यानं की आपोआप, हे जगातला कुठलाही डॉक्टर छातीठोक सांगू शकणार नाही. दुखतंय हे मला आदल्या दिवशीच कळलं असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं, हात लावू नका. तुम्हाला कसं कळणार?"

परत आलो तेव्हा ऊन उतरत होतं. अविनाशनं कुणाला न विचारता स्टूल ओढलं, मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, आणि त्यानं पेटीत नवी ट्यूब बसवली. हॉस्पिटलचं पाकीट उघडून त्यानं दादांचा एक्स-रे काचेवर अडकवला आणि बटण दाबलं. दादा उजळले. कंबर, मांडी आणि त्यात ती स्वच्छ पांढरी सळई, एकदम सरळ, त्यांच्या सहीखालच्या रेघेसारखी. तिघंही बाकावर बसलो. इतकी वर्षं त्या बाकावर लोक बसायचे, आज आम्ही.

अविनाश म्हणाला, "साध्या डॉक्टरनं काय केलं असतं? इंजेक्शन दिलं असतं, चालवलं असतं, विचारलं असतं. केलं. पण काका, पेशंट नाही म्हणाला तरी त्यानं स्वतः पोटरी दाबून बघितली असती की नाही?" मी म्हणालो, "माहीत नाही." खरंच माहीत नाही. हा प्रश्न दादांना आवडला असता, एवढं नक्की. अविनाश एका तिऱ्हाईत डॉक्टरांना सगळे कागद दाखवून हेच विचारणार आहे. पूर्वी तो उत्तर घेऊन निघाला होता, आता प्रश्न घेऊन निघालाय… त्याच्या बापाच्या हिशोबानं ही प्रगती आहे.

"आन् माझी केस?" वहिनी म्हणाल्या. "ती कोण चालवणार?"

मी उभा राहिलो. घसा साफ केला. चौकटीवर थाप मारली, ट्यूब लुकलुकली, दादांची सळई लुकलुकली. "आरोपी सुमनबाई. नवरा कळवळून म्हणाला, पोटरी दुखतेय. हे त्यानं आदल्या दिवशी डॉक्टरला सांगितलं नाही, त्यामुळं चेपू नको असं कुणी सांगितलं नाही. तुमच्या जागी दुसरी कुठलीही साधी बायको असती, तर तिनं काय केलं असतं?"

वहिनींनी त्या उजळलेल्या हाडांकडं बघितलं. त्यांचे हात पदराबाहेर, मांडीवर मोकळे पडले होते. मला वाटलं आता रडतील. पण मग त्यांनी एकदम काचेकडं बोट केलं आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाय चेपलाच असता की! पर असल्या खोटारड्या मानसाजवळ दुसरी साधी बायकू चार दिस सुदीक नांदली नसती!"